पाहुण्या बोलून जातात, मुलींचे बोलणे राहून जाते

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. 3 जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती झाली की राज्यातील विद्यापीठे आणि त्यांची संलग्न महाविद्यालये यांमधील महिला मंचांचा हंगाम सुरू होतो आणि 8 मार्चच्या महिला दिनाबरोबर तो बहुतेक ठिकाणी संपतो. कुठे त्याला महिला विकास कक्ष म्हणतात, कुठे युवती सभा, तर कुठे प्राध्यापिकांचे भगिनी मंडळ; पण कार्यक्रमांचे स्वरूप सगळीकडे जवळपास सारखेच असते. प्रमुख पाहुण्या येतात, दीपप्रज्वलन होते, व्याख्यान होते. संक्रांतीच्या सुमारास हळदीकुंकू होते, आश्विनात भोंडला झालेला असतो, आणि या सगळ्याची छायाचित्रे दैनिकांच्या जिल्हा पुरवण्यांत छापून येतात. अध्यापनाच्या नोकरीत अशा एका मंचाच्या समन्वयाचे काम अनेक वर्षे माझ्याकडे होते आणि निवृत्तीनंतर वक्ता म्हणूनही अधूनमधून बोलावणे येते. हे कार्यक्रम व्यासपीठाच्या खालून आणि वरून असे दोन्हीकडून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, व्याख्यानाला आपण फाजील महत्त्व देतो आणि त्यानंतरच्या चहाला, तिळगुळाला आणि गप्पांना काहीच देत नाही. वास्तविक मंचाचे काम त्या दुसऱ्या भागात होते, आणि पाहुण्यांची निवडसुद्धा त्या भागाकडे पाहूनच व्हायला हवी.

पत्रिकेवर अकराची वेळ छापलेली असते. साडेदहापासून मुलींना सभागृहात आणून बसवलेले असते, कारण पाहुण्या आल्यावर खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत. पाहुण्या बाराच्या आगेमागे पोचतात. मग प्रतिमापूजन, स्वागतगीत, रोपटे देऊन सत्कार (पुष्पगुच्छाऐवजी रोपटे देण्याची पद्धत चांगली आहे, पण निम्मी रोपटी व्यासपीठावरच राहतात आणि शिपाई ती मग कुंडीत लावतो), प्रास्ताविक, आणि पाहुण्यांचा परिचय, ज्यात त्यांच्या शोधनिबंधांची संख्या आणि मिळालेले पुरस्कार ओळीने वाचून दाखवले जातात. प्राचार्यांचे किंवा अधिष्ठात्यांचे मनोगत यानंतर असते आणि ते पाहुण्यांच्या भाषणापेक्षा लांबल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. नमनालाच असे घडाभर तेल गेल्यावर पाहुण्यांच्या वाट्याला जी पंचवीस-तीस मिनिटे उरतात, त्यांत मागच्या रांगांमधील मुलींचा एक डोळा घड्याळाकडे असतो, कारण दीडची एसटी चुकली तर पुढची साडेतीनला असते. भाषण संपल्यावर सूत्रसंचालिका विचारते, ‘‘कोणाला काही प्रश्न?’’ तीनशे जणींसमोर, प्राचार्य पहिल्या रांगेत बसलेले असताना, माईक हातात घेऊन स्वतःच्या घरातला किंवा शरीरातला प्रश्न कोणती मुलगी विचारील? शांतता होते, आभार मानले जातात आणि राष्ट्रगीत होते. त्यानंतर चहाच्या टेबलापाशी एखादी मुलगी मैत्रिणीला पुढे ढकलत ढकलत पाहुण्यांजवळ येते आणि ‘‘मॅडम, जरा बोलायचं होतं’’ म्हणते, तेव्हा पाहुण्यांची गाडी दारात लागलेली असते.

हे असे का होते, याचे एक कारण कागदोपत्री आहे. उच्च शिक्षणसंस्थांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात स्त्री-पुरुष समतेसाठी संस्थेने वर्षभरात काय केले याची विचारणा असते आणि पुरावा म्हणून अहवालासोबत जिओटॅग केलेली, म्हणजे ठिकाण आणि वेळ उमटलेली छायाचित्रे जोडावी लागतात. हेतू चांगला आहे. ही विचारणा नसती तर काही संस्थांनी एवढेही केले नसते, हे मी अनुभवाने सांगू शकते. परंतु छायाचित्र दीपप्रज्वलनाचे निघते, रांगेत बसलेल्या मुलींचे निघते आणि मागच्या फ्लेक्सचे तर हमखास निघते. एखाद्या मुलीने पाहुण्यांना बाजूला घेऊन दहा मिनिटे काय विचारले, याचे छायाचित्र निघत नाही आणि काढूही नये. परिणामी ज्याचा पुरावा देता येतो तेवढेच केले जाते, आणि समन्वयक बिचारी कार्यक्रमाच्या दिवशी श्रोत्यांकडे पाहण्याऐवजी उपस्थितीपत्रकावर सह्या झाल्या की नाही हे पाहत फिरते.

आता पाहुण्यांच्या निवडीविषयी. बोलावल्या जाणाऱ्या पाहुण्या साधारण ठरलेल्या असतात: गावातील लोकप्रतिनिधी किंवा लोकप्रतिनिधींच्या सौभाग्यवती, गणवेशातील पोलीस अधिकारी, स्पर्धा परीक्षेत नुकतीच उत्तीर्ण झालेली तरुणी, मालिकेतील अभिनेत्री आणि अलीकडे प्रेरणादायी वक्त्या. यांपैकी कोणाच्याही योग्यतेविषयी मला शंका नाही. परंतु विषय विचारला तर ‘आजची स्त्री’, ‘स्त्री काल, आज आणि उद्या’, नाहीतर ‘घर आणि करिअर यांचा समतोल’ यांपैकी एक निघतो. हा शेवटचा विषय महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाला आलेल्या एकाही पुरुष पाहुण्याला दिलेला मी ऐकलेला नाही. मोठ्या पदावर पोचलेल्या बाईचा प्रवास ऐकून मुली टाळ्या वाजवतात आणि त्या टाळ्या खऱ्याही असतात, पण पुढच्या महिन्यात घरी स्थळ आले तर काय करायचे, हे त्या प्रवासातून कळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील 20 ते 24 वयोगटातील सुमारे 22 टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले होते आणि राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली होती. सभागृहात बसलेल्या मुलींच्या बहिणी, वर्गमैत्रिणी आणि कदाचित त्या स्वतःही या आकड्यांत आहेत.

चांगला पाहुणा कसा असतो, याचे एक उदाहरण देते. तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात आम्ही एकदा महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या एका बाईंना बोलावले. त्यांनी आयुष्यभर तलाठी म्हणून काम केले होते. व्यासपीठावरचे त्यांचे भाषण असेतसेच झाले, कारण त्यांना माईकची सवय नव्हती. मात्र त्यांनी आधीच सांगून ठेवले होते की, मुलींनी आपल्या घरच्या जमिनीचा सातबारा फोनमध्ये काढून आणावा. भाषण पंधरा मिनिटांत आटोपून त्या खाली उतरल्या, सतरंजीवर मुलींमध्ये बसल्या आणि एकेकीचा उतारा हातात घेऊन भोगवटादाराचे सदर कोणते, इतर हक्कांत काय लिहिले आहे, फेरफाराचा, म्हणजे नावांत झालेल्या बदलाच्या नोंदीचा, क्रमांक कुठे दिसतो हे बोट ठेवून दाखवू लागल्या. एका मुलीच्या आजोबांच्या पश्चात वारसनोंद होताना तिच्या तिन्ही आत्यांची नावे लागून पुढच्याच फेरफाराने ती कमी झालेली होती. बाईंनी तिला हक्कसोडपत्र म्हणजे काय, ते नोंदणीकृत का असावे लागते आणि बहिणीने भावाच्या शब्दावर कागद न वाचता सही का करू नये, हे समजावून सांगितले. महाराष्ट्राने 1994 मध्येच कायद्यात दुरुस्ती करून तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः सहदायिक, म्हणजे मुलाइतकेच वाटेकरी, मानले होते, 2005 मध्ये केंद्राने लग्नाची ही अट न ठेवता तशी तरतूद देशभर लागू केली आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनिता शर्मा खटल्यात असे स्पष्ट केले की, दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची अट या हक्काला नाही. एवढी माहिती एखाद्या वकिलाने व्यासपीठावरून दिली असती तर मुलींनी वहीत उतरवून घेतली असती. बाई खाली बसल्या म्हणून ती त्यांच्या घरापर्यंत पोचली. काही दिवसांनी दोन-तीन मुलींच्या आयाच बाईंचा पत्ता विचारत महाविद्यालयात आल्या होत्या.

अशा पाहुण्या प्रत्येक तालुक्यात आहेत. ग्रामीण रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञ, बँकेत कर्ज विभाग सांभाळणारी अधिकारी, कुटुंब न्यायालयात समुपदेशन करणारी, वसतिगृहाची जुनी अधीक्षक, सायबर पोलीस ठाण्यातली हवालदार, जी 1930 या क्रमांकावर तक्रार केल्यानंतर पुढे काय होते ते स्वतःच्या कामातून सांगू शकते. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकारने पूर्ण माफ केले आहे. त्याचा अर्ज कसा भरायचा आणि महाविद्यालयाने तरीही आधी पैसे भरायला सांगितले तर कोणाकडे जायचे, हे सांगायला विद्यापीठाच्या शिष्यवृत्ती विभागातील एखादी कारकून बाई अभिनेत्रीपेक्षा अधिक कामाची आहे. तिचे नाव फ्लेक्सवर शोभत नाही, एवढीच तिची अडचण.

मानधनाचेही बोलले पाहिजे. महिला मंचाकडे येणाऱ्या वक्त्यांनी ‘समाजकार्य म्हणून’ यावे, अशी एक समजूत सर्वत्र रुजलेली आहे. मंडप, फ्लेक्स, शाल आणि स्मृतिचिन्ह यांच्यावर खर्च करताना हात आखडता घेतला जात नाही. मात्र दोन तास मुलींबरोबर बसणाऱ्या समुपदेशक बाईंना रिक्षाभाडे विचारायचेही कोणाला सुचत नाही. ज्या बाईंची रोजी तेवढ्या वेळात बुडते, त्यांना नंतर पुन्हा बोलावले तर त्या येत नाहीत आणि त्यांचे काही चुकत नाही.

व्याख्यानांच्या परंपरेविषयी माझ्या मनात अनादर नाही. 1974 मध्ये श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे देशातील पहिले केंद्र सुरू झाले आणि 1981 मध्ये त्याच विद्यापीठात स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. पुण्यातील आणि छत्रपती संभाजीनगरमधील विद्यापीठांतही नंतर स्त्री-अभ्यास केंद्रे उभी राहिली. तेथील व्याख्यानांनी माझ्या पिढीतील कितीतरी अध्यापिकांना विचार करायला शिकवले. ते काम अभ्यास केंद्रांचे आहे आणि ते त्यांनी करत राहावे. मंचाचे काम निराळे आहे. मंचाकडे मुलगी येते ती ऐकण्याइतकीच बोलण्यासाठी येते, आणि बोलायला तिला आधी सैल बसता आले पाहिजे.

म्हणूनच हळदीकुंकू, भोंडला, तिळगूळ हे मागास सोपस्कार आहेत, ते विद्यापीठाच्या आवारातून हद्दपार करावेत, हे मत मला पटत नाही. विद्वान मंडळींकडून ते वारंवार ऐकू येते. त्यांनी थोडे मागे जाऊन पाहावे. सावित्रीबाई फुले यांनी 1852 मध्ये महिला सेवा मंडळातर्फे संक्रांतीला तिळगूळ समारंभ केला आणि पुण्याच्या कलेक्टरच्या पत्नी त्याच्या अध्यक्षस्थानी होत्या, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. त्याच्या निमंत्रणात स्पष्ट म्हटले होते की, कोणत्याही जातीच्या स्त्रिया आल्या तरी सर्वांना एकाच जाजमावर बसवले जाईल आणि भेदभाव न करता हळदीकुंकू दिले जाईल. समारंभ नेहमीचाच, फक्त जाजम एक. आणि त्या काळच्या पुण्यात ते एक जाजम कोणत्याही भाषणापेक्षा जड गेले असणार. पुढे 1882 मध्ये पंडिता रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापन केला, तेव्हा त्याच्या सभांना जाते म्हणून रमाबाई रानडे यांना घरातील वडीलधाऱ्या बायकांचा रोष सोसावा लागला होता. बायकांनी एकत्र बसणे हीच घराला खुपणारी गोष्ट होती; व्याख्यान कोणाचे होते, हा प्रश्न नंतरचा.

प्रश्न हळदीकुंकवाचा नाही, ते कोणाला दिले जाते याचा आहे. विद्यापीठाच्या आवारातही विधवा सहकारी त्या दुपारी ‘‘मला जरा काम आहे’’ म्हणून ग्रंथालयात जाऊन बसते, हे आजचे चित्र आहे. घटस्फोटित सहकाऱ्यांना बोलवावे की नाही, याची कुजबुज होते. मुस्लिम, ख्रिश्चन आणि बौद्ध अध्यापिकांना कोणी नको म्हणत नाही, पण या म्हणायलाही कोणी जात नाही. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांसारख्या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने तो आदर्श म्हणून राज्यातील सर्व ग्रामपंचायतींपुढे ठेवला. एका गावच्या ग्रामसभेला जे जमले, ते डॉक्टरेट मिळवलेल्या बायकांच्या मंडळाला जमू नये, याचे आश्चर्य वाटते. कार्यक्रमाचे नाव ‘तिळगूळ मेळावा’ ठेवावे, दारातल्या तबकात तिळगूळ आणि फूल असावे, कुंकू ज्यांना हवे त्यांनी स्वतः लावून घ्यावे, आणि निमंत्रण नावानिशी प्रत्येकीला जावे. सार्वजनिक सूचनाफलकावर ‘सर्व भगिनींनी उपस्थित राहावे’ असे लिहिल्याने संकोच असलेली बाई येत नाही.

आणि सफाई कामगार बायकांचे काय? कंत्राटी पद्धतीने काम करणाऱ्या या मावशी कार्यक्रमाच्या सकाळी सभागृह झाडतात, खुर्च्या मांडतात, दुपारी चहाचे ट्रे फिरवतात आणि वाण लुटण्याच्या वेळी दाराशी उभ्या असतात. त्यांच्याकडून वर्गणी घेतलेली नसते म्हणून त्या यादीत नसतात. एका वर्षी आम्ही वर्गणीची पद्धतच बंद केली आणि चहा मागवण्याऐवजी ज्या त्या विभागाने घरून काहीतरी करून आणावे असे ठरवले. भोंडल्याच्या खिरापतीची पाळी त्या वर्षी मावशींकडे होती. झाकलेल्या डब्यात काय आहे ते ओळखताना प्राध्यापिका हरल्या, कारण डब्यात माडगे होते आणि हुलग्याचे माडगे खाल्लेल्या त्यांच्यात फारच थोड्या निघाल्या. त्या दिवसानंतर मावशी आमच्याशी बोलू लागल्या, आणि वसतिगृहातील मुलींच्या ज्या अडचणी आम्हाला कोणत्याही प्रश्नावलीतून कळल्या नव्हत्या, त्या मावशींकडून कळल्या. रात्री मागच्या फाटकाजवळचा दिवा बंद असतो आणि तिथे काही टवाळ मुले उभी राहतात, हे प्रशासनाला पहिल्यांदा त्यांच्यामुळे समजले.

मंचाच्या कार्यक्रमांतून आणखी एक साधी गोष्ट होऊ शकते आणि ती जवळपास कुठेच होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती असणे बंधनकारक आहे. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांच्यासारखे वरिष्ठ पदाधिकारी तिच्यात असू नयेत आणि विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणांत बसणारे विद्यार्थी प्रतिनिधी लोकशाही पद्धतीने निवडलेले असावेत, असे ते विनियम सांगतात. व्यवहारात समितीच्या सदस्यांची नावे जिन्याखालच्या फलकावर असतात आणि दोन वर्षांपूर्वी बदली झालेल्या बाईंचे नावही तिथे तसेच असते. ‘आपल्या समितीच्या अध्यक्ष कोण?’ असे मी पाहुणी म्हणून गेले की विचारते आणि सभागृह एकमेकांकडे पाहू लागते. तक्रार करायची वेळ आलेली मुलगी अनोळखी नावाकडे जाणार नाही. जिच्या हातून तिने तिळगूळ घेतला आहे, जिच्याबरोबर फेर धरला आहे, तिच्याकडे ती जाण्याची शक्यता कितीतरी अधिक आहे. समितीच्या सर्व सदस्यांनी मंचाच्या प्रत्येक मेळाव्याला यावे, ओळख करून द्यावी आणि व्यासपीठावर न बसता खाली बसावे, एवढा आदेश कुलगुरू एका परिपत्रकाने काढू शकतात. त्याला खर्चही येत नाही.

पुरुष विद्यार्थ्यांना या कार्यक्रमांना बोलवावे का, हा वाद दर वर्षी होतो. काहींना बोलवावे, काहींना नाही. संमती, सायबर गुन्हे आणि कायदा यांवरच्या सत्रांत मुले नसतील तर निम्मे काम वाया जाते; पाळीच्या तक्रारींविषयी डॉक्टर बोलत असताना ती नसलेलीच बरी. यावर फार चर्चा करण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही.

विद्यापीठांनी वेळेचा विचार मात्र गांभीर्याने करावा. शहरातील प्राध्यापिकांच्या सोयीने ठरलेला सायंकाळचा कार्यक्रम खेड्यातून येणाऱ्या मुलीला बंदच असतो. एसटीत बायकांचे तिकीट निम्मे झाले तरी सातनंतर गाडीच नसेल तर सवलतीचा उपयोग काय? वसतिगृहातील मुलींना सायंकाळ चालते, ये-जा करणाऱ्यांना दुपार लागते, म्हणून एकच मोठा कार्यक्रम करण्याऐवजी पाहुण्यांना दोनदा, तीस-चाळीस मुलींच्या गटाबरोबर बसवावे. परिचय छापील कागदावर द्यावा, सत्कार एकच असावा, प्राचार्यांनी स्वागताचे दोन शब्द बोलून निघून जावे, आणि बोलावतानाच पाहुण्यांना सांगावे की भाषण अर्ध्या तासाचे असले तरी आपल्याला तासभर थांबायचे आहे. ज्यांना थांबणे शक्य नाही, त्यांना स्नेहसंमेलनाला जरूर बोलवावे.

विषय ठरवण्याचे काम मुलींकडे द्यावे. ग्रंथालयाच्या दाराशी नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची पेटी ठेवली की आठवड्यात विषय हाती येतात, हे आम्ही करून पाहिले आहे. त्या चिठ्ठ्यांत ‘आजची स्त्री’ हा विषय एकदाही आला नव्हता. ‘पाळी चुकते, आईला सांगितलं तर लग्न झाल्यावर ठीक होईल म्हणते’ अशी एक चिठ्ठी होती आणि तिच्यासाठी आम्ही डॉक्टर बोलावल्या, तेव्हा सभागृहात जागा पुरली नाही. यंदाच्या 8 मार्चचे फ्लेक्स अजून छपाईला गेलेले नसतील. पाहुण्यांना पत्र पाठवण्यापूर्वी अशी पेटी ठेवण्याइतका वेळ समन्वयकांच्या हाती अजून आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका, पुणे